मांडीवरची जागा

नवले पुलाच्या अलीकडचा तो उतार पुण्यातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा मागे पडला की रस्ता खाली खाली येत राहतो आणि गाडी न सांगता पळायला लागते. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही वाईहून परत येत होतो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर आमची दीड वर्षांची लेक. तिची कार सीट, म्हणजे लहान मुलाला गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची, घरी माळ्यावर होती.

पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. नवऱ्यानेही मारला. टक्कर झाली नाही, बंपरला ओरखडाही आला नाही. पण लेक आईंच्या हातांतून सुटली आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून येऊन गिअरच्या दांड्यावर तोंडावर आपटली. आधी आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, मग तिचं रडणं. त्या मधल्या क्षणांबद्दल मला अजूनही लिहिता येत नाही.

ओठ फाटला होता, हनुवटीला तीन टाके पडले. डॉक्टरांनी डोकं, डोळे, हातपाय सगळं तपासलं आणि म्हणाले, थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर लेक दूध पिऊन झोपली. आई मात्र स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून स्वतःचे तळहात बघत होत्या. म्हणाल्या, "मी धरली होती गं. घट्ट धरली होती. माझ्या हातातून सुटली."

हे हात कसले आहेत ते सांगायला हवं. या बाईने तीन मुलं वाढवली. एक कडेवर, एक पदराला आणि डोक्यावर कपड्यांचे पिळे, अशी नदीवरून चढ चढून घरी यायची. एसटीच्या खचाखच गर्दीत, घाटात, उभ्याने, मूल खांद्यावर झोपवून तिने प्रवास केले. मूल हातात असलं की सुरक्षित, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आयुष्यभर ते खरं ठरत आलं होतं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा खोटं ठरलं.

आपल्याकडच्या कार सीटच्या कायद्याबद्दल मला जे वाटतं ते सगळं त्या ओट्यापासून सुरू होतं.

कायदा तेव्हा होता. मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, आणि आमची लेक त्याच ऑगस्टमधली. तिच्या बारशाच्या गडबडीत टीव्हीवर सगळीकडे दंडाच्या वाढलेल्या आकड्यांची चर्चा चालली होती. हेल्मेट नसेल तर किती, लायसन नसेल तर किती. त्या यादीत कलम १९४ ब कुणाच्या फारसं नजरेत आलं नाही. चौदा वर्षांखालचं मूल गाडीत असेल आणि त्याला सीट बेल्ट किंवा मुलांसाठीची खास बंधनव्यवस्था लावलेली नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी लगेच झालीही नाही, ती २०२१ च्या डिसेंबरात आली. दंडाची भीती नाही म्हणजे कायदा नाही, अशी आपली मनातली समजूत असते. "पुढे पोलीस आहे, बेल्ट लाव," हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं. चौक ओलांडला की बेल्ट सुटतो.

सीट आम्ही घेतली होती. नणंद इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, तिने फोनवर पिच्छाच पुरवला म्हणून घेतली. दोनदा वापरली. पहिल्यांदा लेक कोथरूड डेपोपासून चांदणी चौकापर्यंत रडली. दुसऱ्यांदा निघाल्यापासून हडपसरपर्यंत रडली, रडून रडून निळी पडली, आणि आई मागून म्हणाल्या, "अरे, काढा रे तिला. पोर आहे का कैदी?" मीच मागे वळून बकल सोडलं. ती आईंच्या मांडीवर गेली, पदराखाली शिरली आणि दोन मिनिटांत झोपली. गाडीत शांतता पसरली. ती शांतता किती गोड होती ते मला आठवतं. पुढच्या आठवड्यात सीट माळ्यावर गेली. बकल सोडणारा हात माझा होता, आईंचा नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

आणि याच आई २०१७ साली नणंदेच्या बाळंतपणाला सहा महिने रेडिंगला राहून आल्या होत्या. तिथे दवाखान्यातून निघताना दोन दिवसांचं बाळ दुपट्यात नव्हे, सीटमध्ये घालून खाली आणलं गेलं. सीट मागच्या बाजूला तोंड करून गाडीत अडकवली, जावयाने पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग गाडी सुरू केली. तिकडे मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंच, यांतलं जे आधी होईल तोपर्यंत सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवून मोठ्यांचा बेल्ट नीट बसवणारी बैठक) लागतोच. आईंनी तिथे सहा महिन्यांत एकदाही नात मांडीवर घेऊन गाडीत बसण्याचा हट्ट केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिकडची रीतच तशी."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. तिकडे ती रीत होती, म्हणून त्यात कुणाचा अपमान नव्हता. इकडे तीच गोष्ट सुनेने केली की तिचा अर्थ बदलतो. सासूच्या मांडीवर सुनेचा भरवसा नाही, असा तो अर्थ होतो. टाके पडल्यानंतर मी आमच्या इमारतीत, बालवाडीच्या फाटकाशी, वाढदिवसांना, जिथे संधी मिळेल तिथे आईबापांशी या विषयावर बोलत गेले. कारणं प्रत्येकाची वेगळी होती, पण बहुतेकांच्या आवाजात तोच दुखावा होता. मुलाला जिवापाड जपतो आम्ही, आणि सरकार आम्हाला सांगणार मूल कसं धरायचं?

कारणं मात्र झटकून टाकण्यासारखी नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरचा बाप म्हणाला, "वहिनी, माझी गाडी छोटी. दोन पोरं, आईबाबा, आम्ही दोघं. दोन सीटा लावल्या तर बाबांना कुठे बसवू? टपावर?" त्याचे वडील डायलिसिसला जातात, आठवड्यातून दोनदा. त्याला मी काय सांगणार होते? बालवाडीतल्या एका आईने किमतीचं विचारलं. बरी सीट बरीच महाग, आणि मूल वाढलं की पुढची घ्यायची. ती म्हणाली, त्यात वर्षाची फी निघते. दुसरी म्हणाली, शहरात वेग असतोच कुठे, सगळा वेळ सिग्नलला जातो. आणि एक आजोबा, अतिशय सज्जन गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "आम्ही जीपच्या मागच्या फळीवर बसून वाढलो. झालं का काही?"

माझ्या आजोळी माजघरात एक फोटो आहे. चार वर्षांचा मुलगा, डोळ्यांत काजळ, गळ्यात ताईत. माझा मावसभाऊ, मी त्याला पाहिलेलं नाही. लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपमधून तो पडला. घरात त्याच्याबद्दल बोलताना "देवाने नेला" एवढंच म्हणत. जीपचं नाव कुणी घेत नसे. आजोबांना मी हे सांगितलं नाही, वयाचा मान होता. पण 'झालं का काही' हे विचारायला फक्त ज्यांना काही झालं नाही तेच उरलेले असतात, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली असं केंद्राच्या अहवालात आहे. त्यात अठरा वर्षांखालची नऊ हजारांहून जास्त. सगळी काही गाडीत बसलेली नव्हती, पायी चालणारी होती, दुचाकीवरची होती. तरी आकडा वाचून पुढचं पान उलटवत नाही.

टाके काढून आणल्यावर मी एक हिशेब मांडून बसले. शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे हात आपोआप कागदाकडे गेला. गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला साधारण चौदा मीटर. ती एखाद्या कठड्यावर आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल धरून ठेवायला सुमारे एकशे चाळीस किलोचं ओझं पेलण्याइतकं बळ लागेल. त्याहून लवकर थांबली तर आणखी जास्त. आणि हे बळ लावायचं त्या आजीने, जी स्वतः त्याच क्षणी पुढे फेकली जातेय. वेग उंचीत मोजला तर तीच टक्कर म्हणजे दहा मीटरांवरून खाली पडणं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीच्या कठड्याशी लेक नुसती गेली तरी आमचे सगळ्यांचे श्वास अडकतात, आणि जाळी तर ती रांगायच्या आधीच लावून घेतली होती. त्या जाळीने आमच्यापैकी कुणाचाही अपमान झाला नव्हता.

तो कागद मी आईंना दाखवला. हिशेब नाही, फक्त एकच आकडा. म्हटलं, "आई, एकशे चाळीस किलो. सिमेंटची जवळजवळ तीन पोती. कुणाच्याही हातातून सुटेल. तुमच्या मुलाच्याही, माझ्याही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग असं आधी का नाही सांगितलं कुणी?"

खरंच, का नाही सांगितलं? दंडाचे आकडे सगळ्यांनी सांगितले. ते सगळ्यांना पाठ होते. तीन पोती कुणी सांगितली नाहीत. दंड ऐकला की माणूस चिडतो, पळवाट शोधतो. पोत्यांचं ऐकून आई चिडल्या नाहीत. त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं.

मांडीचा हा पेच आपल्या एकट्यांचा नाही, हे कळल्यावर मला फार धीर आला. मुलांच्या सीटचा अमेरिकेतला पहिला सक्तीचा कायदा तिथल्या टेनेसी राज्यात झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवले. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि १९७८ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. पण मंजूर होताना त्यात एक सूट घुसलीच: मोठ्या माणसाने बाळ हातात धरलेलं असेल तर चालेल. म्हणजे तिथल्या लोकप्रतिनिधींनाही आईच्या कुशीला नाही म्हणवेना. पुढे काचेवर आदळणाऱ्या मुलावर मोठ्या माणसाचं वजन मागून येऊन काय करतं, हे समजून सांगणाऱ्यांनी त्या सुटीला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' असं नाव दिलं. ती काढायला १९८१ उजाडलं. त्यानंतर १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचं गणित असं आहे की नीट लावलेल्या सीटमुळे तान्ह्या बाळांच्या मृत्यूची शक्यता एकाहत्तर टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची चोपन्न टक्क्यांनी कमी होते. ज्या गोष्टीला ते एवढे अडखळले, तिला आपण दोन-तीन वर्षांत कसे सरावणार? म्हणून मला आईबापांचा राग येत नाही. राग येतो तो समजावून न सांगणाऱ्यांचा.

आणि आपल्या कायद्याबद्दलही मला बोलायचं आहे, कारण तो मला हवा आहे. त्यात 'सीट बेल्ट किंवा' असं लिहिलं आहे. त्या 'किंवा'मध्ये तीन वर्षांचं मूल मोठ्यांचा बेल्ट लावून कायदेशीर ठरतं. मोठ्यांचा बेल्ट लहान मुलाच्या खांद्यावर बसत नाही, गळ्यावर बसतो. कमरेच्या हाडावर राहायचा तो पोटावर सरकतो, आणि धक्का बसला की आतल्या आतड्यांवर येतो. तो नीट बसायला माणूस साधारण १४५ सेंटीमीटर उंच लागतो. कॅनडातल्या क्युबेकने २०१९ मध्ये नेमकी हीच उंची, किंवा मग नऊ वर्षं, कायद्यात घातली. आपल्या कलमात उंचीचा शब्द नाही, फक्त वय आहे. तान्ह्या बाळाचं तोंड मागे असावं, पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीही लावू नये, ही जिवाची माहिती सीट विकणाऱ्या दुकानातही मला कुणी आपणहून दिली नाही. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर ते सगळं डोकं त्या मानेवर झटका देतं. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळं सीटच्या पाठीला टेकतं. आपण तान्ह्या बाळाला उचलताना मानेखाली हात घालतो ना, तेच काम ती सीट करते. आईंना हे एका वाक्यात पटलं.

दुचाकीचं काय, हा प्रश्न मला लोक विचारतात आणि विचारायलाच हवा. पुण्यातली बहुतेक मुलं गाडीत नसतात, स्कूटरवर पुढे उभी असतात. आमचीही असायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या वर नको. मी तसा पट्टा शोधायला लक्ष्मी रोडपासून नाना पेठेपर्यंत फिरले. तीन दुकानांत विचारलं, "कुत्र्यासाठी का?" शेवटी ऑनलाइन मागवला. पहिल्या दिवशी तो बांधून लेकीला पाठीशी घेतलं तेव्हा आई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर आमचंच. आम्ही भांगलायला जाताना लुगड्याने असंच पाठीला बांधायचो." मला एकदम भरून आलं. मूल बांधून नेणं आपल्याला परकं नाही. आपण बांधतच आलो, झोळीत, पाठीला, पाळण्याच्या कडेला. मांडी ही घरात बसल्या जागेची गोष्ट होती. पळत्या गाडीत तिला आपण नंतर आणून बसवलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर मागच्या बेल्टबद्दल सगळीकडे बोललं गेलं. आमच्या खालच्या मजल्यावरचा तो बाप एका रात्री वर आला आणि म्हणाला, "वहिनी, ती सीट कुठली घेतली होती तुम्ही?" त्याने एक घेतली, धाकट्यासाठी. डायलिसिसच्या दिवशी मुलं घरीच राहतात. त्याला जेवढं जमलं तेवढं त्याने केलं. मला तो त्या रात्री फार मोठा वाटला.

आमची सीट माळ्यावरून उतरली ती त्या रविवारनंतर परत वर गेली नाही. लेक रडली. आठ-दहा दिवस खूप रडली. आम्ही गल्लीत एक चक्कर मारून परत यायचो, मग दोन चकरा, मग दगडूशेठपर्यंत. आई शेजारी बसून तिचं बोट धरायच्या आणि गाणी म्हणायच्या. "मांडी नाही तर बोट तरी," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, नातीला की स्वतःला ते मी विचारलं नाही. मग एक दिवस लेक सीटमध्ये झोपली. आता ती स्वतःच बकल लावते आणि आवाज आला नाही तर बापाला गाडी सुरू करू देत नाही.

आता ती सहा वर्षांची आहे. बूस्टरवर बसते. बेडरूमच्या चौकटीवर पेन्सिलने आम्ही १४५ची रेघ मारून ठेवली आहे, बूस्टर सुटण्याची रेघ. तिला अजून तीसेक सेंटीमीटर जायचंय. या दिवाळीत वाईला निघायच्या आदल्या दिवशी ती सगळ्यांना धरून धरून त्या चौकटीला उभं करत होती. बाबा रेघेच्या खूप वर, मीही वर. मग आईंना उभं केलं. आई चार फूट आठ इंच. डोकं रेघेच्या खाली आलं.

"आजी, तुला पण बूस्टर लागणार!"

सगळे हसलो. रात्री बॅगा भरताना मात्र मला ते आठवलं आणि मी थांबले. इतकी वर्षं प्रत्येक प्रवासात आई बेल्टचा वरचा पट्टा काखेखालून घ्यायच्या आणि मी त्यांना टोकायची. असा पट्टा बरगड्यांवर येतो, म्हणून. त्या काही न बोलता परत वर घ्यायच्या, थोड्या वेळाने परत काखेखाली. त्यांना तो गळ्याला काचत होता. बेल्ट त्यांच्या मापाचा नव्हताच. लेकीचं माप मी सेंटीमीटरपर्यंत मोजलं होतं, त्यांचं कधी बघितलंही नाही.

सकाळी मी त्यांना पुढे बसवलं. आमच्या गाडीत पुढच्या सीटला खांबावर बेल्ट खालीवर करायची कळ आहे, ती खाली केली. पट्टा बरोबर खांद्यावर बसला. मी मागे लेकीशेजारी बसले. आईंनी कात्रजपर्यंत दम काढला. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबलो तर म्हणाल्या, "मला मागेच बसू दे. इथून तिचं बोट धरता येत नाही."

मी नाही म्हणू शकले नाही. जागा बदलल्या. दोघींचे पट्टे मी ओढून पाहिले. आईंचा गळ्याशी येत होता तिथे त्यांनी पदराची जाड घडी सारली आणि पट्टा काखेखाली न घेता तसाच राहू दिला. एका हातात नातीचं बोट होतं. मांडीवर धपाट्यांचा डबा होता.